बावन्न वर्षांचा हिशेब : कविता राऊत आणि स्त्रियांचा लांब पल्ला

८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतील स्त्रियांची दहा हजार मीटर धावण्याची शर्यत झाली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता रामदास राऊत यांनी ती ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत पुरी करून तिसरा क्रमांक मिळविला. राष्ट्रकुल स्पर्धेत धावमार्गावर वैयक्तिक पदक मिळविणारी ही पहिली भारतीय स्त्री. त्या वेळच्या बातम्यांतून या पदकासंबंधी एक वाक्य वारंवार आले. १९५८ साली कार्डिफ येथे मिल्खासिंग यांनी ४४० यार्डांची शर्यत जिंकली, त्यानंतर बावन्न वर्षांनी भारतास धावमार्गावर वैयक्तिक पदक लाभले, असे ते वाक्य होय. वस्तुस्थिती म्हणून ते बरोबर आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यात एक मोठी गफलत दडलेली आहे, आणि ती उलगडल्यावाचून राऊत यांच्या कामगिरीचे नेमके मोल ध्यानात येणे कठीण आहे.

ती गफलत अशी. बावन्न वर्षे म्हटले की बावन्न वर्षांचे अपयश डोळ्यांपुढे उभे राहते. जणू इतका काळ भारतीय स्त्रीपुरुष धावत होते आणि हरत होते. पुरुषांपुरते हे म्हणता येईल. स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही. १९५८ च्या कार्डिफ स्पर्धेत स्त्रियांसाठी सर्वांत लांब शर्यत होती ती २२० यार्डांची. ज्या अंतरावर मिल्खासिंग यांनी सुवर्णपदक मिळविले, ते ४४० यार्डांचे अंतर त्या दिवशी कोणत्याही देशाच्या कोणत्याही स्त्रीला धावण्यासाठी उपलब्धच नव्हते. राष्ट्रकुल स्पर्धेत ते स्त्रियांना १९६६ साली मिळाले. पंधराशे मीटर १९७० साली, तीन हजार मीटर १९७८ साली आणि दहा हजार मीटर व मॅरेथॉन या दोन्ही शर्यती १९८६ साली एडिंबरो येथे प्रथम आल्या. म्हणजे बावन्नांपैकी पहिली अठ्ठावीस वर्षे राऊत यांची शर्यत अस्तित्वातच नव्हती. उरलेल्या चोवीस वर्षांचा हिशेब तेवढा भारतीय स्त्रियांकडे मागता येईल.

येथे 'पहिली' या शब्दाचा नेमका व्याप सांगणेही अवश्य आहे, कारण कौतुकाच्या भरात तो वाटेल तसा ताणला जातो. राष्ट्रकुल स्पर्धेच्या मैदानी विभागात पदक मिळविणाऱ्या भारतीय स्त्रिया राऊत यांच्या आधीही होत्या. अंजू बॉबी जॉर्ज यांनी २००२ साली मँचेस्टर येथे लांब उडीत कांस्यपदक मिळविले होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत भारतीय स्त्रीने नाव काढले तेही २०१० साली प्रथमच नव्हे. जाकार्ता येथील १९८५ च्या आशियाई मैदानी स्पर्धेत आशा अगरवाल यांनी मॅरेथॉन जिंकली होती आणि १९८६ साली सोल येथील आशियाई क्रीडास्पर्धेत हिमाचल प्रदेशच्या सुमन रावत यांनी तीन हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले होते. राऊत पहिल्या ठरतात त्या एका नेमक्या जागी. ती जागा लहान वाटली तरी तिच्यापर्यंतची वाट फार लांबची आहे.

ही वाट इतकी लांब का झाली याचे उत्तर १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सापडते. त्याआधी ऑलिंपिकच्या मैदानी शर्यतींत स्त्रियांना मुळी प्रवेशच नव्हता. फ्रान्समधील अॅलिस मिलिआ या बाईंनी १९२१ साली स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रीडासंघ स्थापन केला आणि १९२२ साली पॅरिस येथे स्त्रियांच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरविल्या. त्यांत एक हजार मीटरची शर्यत होती व ती निर्वेधपणे पार पडली. या दडपणामुळे अॅम्स्टरडॅम येथे स्त्रियांना पाच प्रकार देण्यात आले. त्यांत आठशे मीटरची शर्यत हा एक होता. अंतिम शर्यत जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांत, म्हणजे जागतिक उच्चांक करून जिंकली. त्यांच्यामागून अवघ्या ०.८ सेकंदाने जपानच्या किनुए हितोमी आल्या. ऑलिंपिक पदक मिळविणारी आशियातील ही पहिली स्त्री होय.

शर्यतीचे वर्णन मात्र निराळेच झाले. एका अमेरिकन वार्ताहराने लिहिले की अकरा दीनवाण्या स्त्रिया धावल्या, त्यांतील पाच वाटेतच गळाल्या आणि पाच शेवटच्या रेषेपलीकडे कोसळल्या. प्रत्यक्षात अंतिम शर्यतीत नऊ स्त्रिया होत्या व नऊही जणींनी ती पूर्ण केली. त्या दिवसाचे चित्रण उपलब्ध आहे. शर्यत संपल्यावर दमलेल्या धावपटू जशा दिसाव्यात तशाच त्या दिसतात. पुरुष धावपटू शर्यतीनंतर गवतावर आडवा झाला तर त्याच्या जिद्दीची तारीफ होते. स्त्री आडवी झाली तर तो वैद्यकीय पुरावा ठरतो. या पुराव्याच्या आधारे आठशे मीटरची शर्यत स्त्रियांच्या ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. १९३२ व १९३६ या दोन्ही ऑलिंपिकांत स्त्रियांची सर्वांत लांब वैयक्तिक शर्यत शंभर मीटरची होती, आणि आठशे मीटर परत आली ती १९६० साली रोम येथे. एका चुकीच्या बातमीची ही किंमत बत्तीस वर्षे होते. इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांची छाननी का करावी हे शिकविण्यास याहून सोपे उदाहरण क्वचित मिळेल.

पुढचा प्रवास वेगाने सांगता येतो. ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटर १९७२ साली, तीन हजार मीटर व मॅरेथॉन १९८४ साली, दहा हजार मीटर १९८८ साली, पाच हजार मीटर १९९६ साली आणि तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत २००८ साली स्त्रियांसाठी खुली झाली. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉबी गिब १९६६ साली क्रमांकावाचून आणि कॅथरीन स्विट्झर १९६७ साली क्रमांक लावून धावल्या. स्विट्झर यांना एका पदाधिकाऱ्याने धावता धावता अडविण्याचा प्रयत्न केला हे सर्वश्रुतच आहे. तेथे स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली. या सर्व तारखा एका ओळीत ठेवल्या म्हणजे असे दिसते की अंतर एकदम खुले झाले नाही. ते जमिनीच्या वाटणीसारखे तुकड्यातुकड्याने मिळाले, आणि प्रत्येक तुकड्यासाठी मागील तुकडा पुरावा म्हणून दाखवावा लागला.

भारतातील चित्र याच चौकटीत पाहिले पाहिजे. १९५१ साली दिल्लीत पहिली आशियाई क्रीडास्पर्धा झाली. तीत मुंबईच्या दोन मुली चमकल्या. रोशन मिस्त्री यांना शंभर मीटरमध्ये रौप्यपदक आणि मेरी डिसोझा यांना दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले. चार गुणिले शंभर मीटरच्या रिले शर्यतीतील रौप्यपदकात दोघींचा वाटा होता. पुढील वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेल्या दोन भारतीय स्त्री धावपटूंपैकी एक मेरी डिसोझा आणि दुसरी बंगालची नीलिमा घोष. या पिढीच्या स्त्रिया लांब पल्ला धावू शकल्या असत्या की नाही हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण १९५१ च्या त्या स्पर्धेत स्त्रियांचे अंतर दोनशे मीटरवर संपत होते. शहरातील शाळा, कॉलेजे व जिमखाने यांतून आलेल्या मुलींना जे अंतर मिळाले, त्यात त्या वेगाने धावल्या. लांब पल्ल्याच्या बाबतीत मात्र पुढे जे घडले त्याचा उगम शहराबाहेर, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि माणदेशाच्या माळावर आहे.

याचे कारण शोधताना एक साधी गोष्ट नजरेतून निसटता कामा नये. महाराष्ट्रातील स्त्रीला लांब अंतर कधीच परके नव्हते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या स्त्रिया दरवर्षी आषाढात दिसतात. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्यात पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच गावांतील बायका हंड्यावर हंडा ठेवून पाण्यासाठी डोंगर उतरतात व चढतात. आठवड्याचा बाजार, सरपण, दवाखाना, माहेर, साऱ्या वाटा पायीच्या. या अंतराबद्दल समाजाने कधी चिंता व्यक्त केली नाही. हंडा घेऊन तीन कोस चालणे स्त्रीच्या प्रकृतीला अपायकारक आहे असा अहवाल कोणत्याही समितीने दिलेला नाही. चिंता उत्पन्न झाली ती अंतर मोजले जाऊ लागले, त्यावर घड्याळ लावले गेले आणि धावणारीचे नाव फलकावर लिहिण्याची वेळ आली तेव्हा. स्त्रीपासून राखून ठेवलेली वस्तू अंतर नव्हती; मोजलेले अंतर होती.

मराठी भाषेच्या व्यवहारातही या भेदाच्या खुणा उमटल्या आहेत. धावणे आणि पळणे ही दोन क्रियापदे आज पुष्कळदा एकाच अर्थाने वापरली जातात. देशावर तर शर्यतीत मुले 'पळतात'च. परंतु दोहोंची कुळे भिन्न आहेत. पळणे हे संस्कृतातील पलायनाशी संबंधित आहे, आणि तो जुना अर्थ त्याने अद्याप सोडलेला नाही. सैन्य पळते, चोर पळतो, कामचुकार माणूस पळ काढतो. धावणे याची दिशा उलट आहे. संकटात माणूस धावून येतो, भक्त देवाचा धावा करतो. एक क्रियापद कशापासून तरी दूर नेते, दुसरे कशाकडे तरी नेते. आता 'मुलगा पळाला' आणि 'मुलगी पळाली' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यापुढे श्रोता विचारतो, कोठे पळाला, कशाला पळाला. दुसऱ्यापुढे तो काहीच विचारीत नाही. वाक्याचा अर्थ गावाला आधीच ठाऊक असतो. ज्या भाषेत स्त्रीच्या पळण्याला एवढा एकच रूढ अर्थ चिकटलेला आहे, तेथे उजाडण्यापूर्वी रस्त्याने एकटी धावणारी मुलगी घरच्यांना व शेजाऱ्यांना काय काय वाटू शकते, याची कल्पना करणे अवघड नाही. 'धावपटू' या शब्दाने हा प्रश्न काहीसा सोडविला. तो संस्कृत वळणाचा, शाळेच्या सूचनाफलकावर व वृत्तपत्रात शोभणारा, आणि रूपाने स्त्रीपुरुषांस सारखाच आहे. तरीही बातमीत 'महिला धावपटू' असे विशेषण लागतेच. पुरुषाला ते लागत नाही.

'पल्ला' या शब्दाचेही असेच आहे. तोफेचा पल्ला असतो, प्रवासाचा पल्ला असतो, बुद्धीचाही पल्ला असतो. केवळ अंतर नव्हे, तर एखाद्याच्या आवाक्यात येणारे अंतर हा त्यातील गाभ्याचा अर्थ. लांब पल्ल्याची शर्यत म्हणताना मराठी भाषा अंतराबरोबर धावणाऱ्याच्या आवाक्याचेही माप घेत असते.

सावरपाडा हा पाडा त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या परिसरात आहे. कविता राऊत यांचा जन्म ५ मे १९८५ चा. राष्ट्रकुल स्पर्धेत स्त्रियांची दहा हजार मीटर शर्यत सुरू झाली त्याच्या सुमारे सव्वा वर्ष आधीचा. आरंभी त्या अनवाणी धावत. यात नवल वाटण्याचे कारण शहरातल्या माणसाला असते. ज्या खेळाला ना साहित्य लागते, ना जोडीदार, ना आखलेले मैदान, असा खेळ गरीब घरातील मुलीच्या वाट्याला येणे साहजिक होते. हॉकीला काठी लागते, पोहण्याला तलाव लागतो. धावण्याला रस्ता पुरतो. परंतु रस्त्यावरचे धावणे आणि दहा हजार मीटर यांमध्ये जे अंतर आहे ते प्रशिक्षकावाचून ओलांडता येत नाही. नाशिक येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली राऊत यांची तयारी झाली. डोंगरातील चढउतारांवर कमावलेली ताकद आणि फेरीगणिक घड्याळ पाहण्याची शिस्त यांची सांगड तेथे पडली. डोंगराचा वाटा सांगण्याचा मोह वार्ताहरांना नेहमीच होतो. शिस्तीचा वाटा कमी रंजक असल्यामुळे तो मागे राहतो; वस्तुत: तो मोठा आहे.

दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरच्या धावमार्गावर पंचवीस फेऱ्या. प्रेक्षकाला ही शर्यत कंटाळवाणी वाटते, कारण पहिल्या वीस फेऱ्यांत बाहेरून काहीच घडत नाही. जे घडते ते वेगाच्या बारीकसारीक बदलांत घडते. या अंतराची कल्पना येण्यासाठी मोरा बंदराचे उदाहरण घेता येईल. मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंतचे समुद्रावरील अंतर सरळ रेषेत सुमारे दहा किलोमीटर भरते, आणि उरणच्या नित्याच्या उतारूला ते लाँचमध्ये पाऊण तासाच्या आसपास बसून काढावे लागते. दिल्लीतील शर्यतीत राऊत यांनी हेच अंतर तेहतीस मिनिटांत काटले, प्रत्येक फेरीस सरासरी सुमारे ७९ सेकंद या वेगाने. केनियाच्या ग्रेस मोमान्यी ३२ मिनिटे ३४.११ सेकंदांत पहिल्या आल्या व त्याच देशाच्या डोरिस चांगेय्वो ३२ मिनिटे ३६.९७ सेकंदांत दुसऱ्या. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांत अठ्ठावीस सेकंदांचे अंतर राहिले. केवळ आकड्यांकडे पाहणाऱ्यास हे पदक दूरच्या तिसऱ्या स्थानाचे वाटेल.

तसा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये हे पुढील दीड महिन्यात सिद्ध झाले. २१ नोव्हेंबर २०१० रोजी चीनमधील ग्वांगझौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील दहा हजार मीटरची शर्यत झाली. तीत केरळच्या प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पहिल्या आल्या आणि राऊत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसऱ्या. चव्वेचाळीस दिवसांत राऊत यांनी आपली वेळ एक मिनिट तेरा सेकंदांहून अधिक खाली आणली होती. फेरीचा वेग ७९ सेकंदांवरून ७६ सेकंदांवर आला. दिल्लीतील सुवर्णपदकाची वेळही याहून चाळीस सेकंदांनी मागे होती. त्याच स्पर्धेतील पाच हजार मीटरमध्ये प्रीजा यांना रौप्यपदक व राऊत यांना कांस्यपदक मिळाले. तेथे प्रीजा यांची वेळ १५ मिनिटे १५.८९ सेकंद आणि राऊत यांची १५ मिनिटे १६.५४ सेकंद होती.

या दोन शर्यतींत दोघी भारतीय स्त्रियांमधील अंतर एका सेकंदाहून कमी आहे. पंचवीस फेऱ्यांनंतर ०.९७ सेकंद, साडेबारा फेऱ्यांनंतर ०.६५ सेकंद. इतिहासात 'पहिली' शोधण्याची सवय असलेल्याने येथे थोडे थांबावे. दिल्लीचे पदक राऊत यांचे, ग्वांगझौचे सुवर्ण प्रीजा यांचे. एकीवाचून दुसरीची वेळ तेथवर खाली आली असती असे मानणे कठीण आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेजारी धावणारी व्यक्ती ही प्रतिस्पर्धी असते तशीच घड्याळही असते. भारतीय स्त्रियांच्या लांब पल्ल्याला १९८६ पासून २०१० पर्यंत जी उणीव भासली ती बहुधा हीच होती. एकटीदुकटी गुणी धावपटू होती, परंतु तिच्या खांद्याला खांदा लावून पंचविसावी फेरी धावणारी दुसरी नव्हती.

२०१२ साली राऊत यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तोवर 'सावरपाडा एक्सप्रेस' हे बिरुद त्यांच्या नावाला कायमचे जडले होते. पी. टी. उषा यांच्या 'पय्योली एक्सप्रेस' या बिरुदाच्या साच्यावर ते घडलेले आहे, आणि त्याच साच्यातून पुढे ललिता बाबर यांच्यासाठी 'माणदेश एक्सप्रेस' निघाली. ज्या पाड्याच्या जवळपास रेल्वेचा रूळ नाही त्याच्या नावाने एक्सप्रेस धावावी यातील विसंगती बिरुद देणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी. पण या बिरुदाने एक काम चोख केले. नकाशावर न सापडणारे नाव त्याने राज्यभर पोचविले.

२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा झाली. राऊत यांनी तेथील मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकली आणि रिओ ऑलिंपिकची पात्रता मिळविली. १४ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ येथील मॅरेथॉनमध्ये त्या १२० व्या आल्या. वेळ २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद, गुवाहाटीच्या वेळेहून जवळजवळ एकवीस मिनिटांनी अधिक. हा निकाल निराशाजनक होता यात शंका नाही, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर दहा हजार मीटरच्या शर्यतीचे चौपट नव्हेत. तो निराळाच व्यवसाय आहे, आणि एकतिसाव्या वर्षी राऊत तो नव्याने शिकत होत्या. तरीही ती शर्यत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. १९२८ च्या त्या नऊ जणींची आठवण येथे व्हावी.

त्याच आठवड्यात रिओमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी जे केले त्याचा हिशेबही बावन्न वर्षांच्या हिशेबासारखाच मांडला गेला. बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमधील भारतीय स्त्रियांचा गट २०१४ पर्यंत सलग तीनदा जिंकला होता, आणि २०१५ सालच्या वेळेवर त्यांना मॅरेथॉनची ऑलिंपिक पात्रताही लाभली होती. तथापि त्यांनी तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत निवडली. या शर्यतीत अठ्ठावीस कोरडे अडथळे व सात पाण्याच्या उड्या असतात. प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक करून त्या अंतिम शर्यतीत पोचल्या आणि तेथे दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्या १९८४ मधील अंतिम शर्यतीनंतर बत्तीस वर्षांनी भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या धावमार्गावरील वैयक्तिक अंतिम शर्यतीत उतरली, असे तेव्हा लिहिले गेले. तेही खरेच. परंतु त्या बत्तीस वर्षांपैकी पहिली चोवीस वर्षे स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये नव्हती. ती सुरू झाल्यानंतरच्या केवळ तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये माणदेशातील एक मुलगी तिच्या अंतिम फेरीत होती. विलंब कोणाचा हे ठरविताना दोन्ही आकडे पुढे ठेवले पाहिजेत.

या चित्राची दुसरी बाजू बारामतीला दिसते. बुलढाण्याकडून पोटासाठी तेथे आलेल्या, साठी ओलांडलेल्या लता भगवान करे पतीच्या उपचारासाठी पैसे मिळावेत म्हणून तेथील शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या व ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढे मराठी चित्रपट निघाला आणि त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष नोंद झाली. या घटनेकडे केवळ करुण कथा म्हणून पाहिले जाते, आणि ते समजण्यासारखे आहे. पण शर्यतीचा कसलाही सराव नसलेली मजूर स्त्री शर्यत जिंकते याचा अर्थ सराव आयुष्यभर चालूच होता, एवढाच होतो. त्याला सराव असे नाव नव्हते.

राऊत यांच्या पदकानंतर नाशिकच्या धावमार्गावर काय घडले हे पाहिले तर त्या एकट्या राहिल्या नाहीत असे दिसते. त्याच जिल्ह्यातील संजीवनी जाधव यांनी २०१७ साली तैपेई येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी लंडन येथील जागतिक मैदानी स्पर्धेत नाशिकच्याच मोनिका आथरे मॅरेथॉन धावल्या. शासनदरबारी मात्र सन्मानाची वाटणी सारखी झाली नाही. ललिता बाबर यांची राज्य शासनाच्या महसूल सेवेत थेट नियुक्ती झाली. राऊत यांची अनुरूप शासकीय पदाची मागणी रेंगाळत राहिली, आणि २०२४ साली त्यांनी आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखविली.

२०१७ सालीच आणखी एक नियम बदलला. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत तोवर प्रौढ स्त्रियांचे अंतर पुरुषांहून कमी असे. त्या वर्षी युगांडातील कंपाला येथे स्त्रिया व पुरुष प्रथमच सारखे दहा किलोमीटर धावले. अॅम्स्टरडॅमपासून त्या दिवसापर्यंत एकोणनव्वद वर्षे होतात.